कोकणात नवीन आलात? पाळणा लांबवायची सोय कुठे आणि कशी मिळते

नवीन लग्न होऊन आलेली मुलगी उपकेंद्रात पहिल्यांदा येते तेव्हा मुद्द्याचं कधीच बोलत नाही. "सिस्टर, डोकं दुखतंय," म्हणते. गोळी घेते, उठते, चप्पल पायात घालते, परत येऊन बसते. मग दाराकडे बघत हळूच, "ते दुसरं काही असतं ना...?"

मी रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. घाटावरून लग्न होऊन आलेल्या मुली, बदलीवर आलेली शिक्षक जोडपी, हापूसच्या बागांत राखणीला राहिलेली नेपाळी कुटुंबं, बोटींवरचे खलाशी, या सगळ्यांची अडचण मला एकच दिसली. सोय आहे हे त्यांना माहीत असतं, पण ती नेमकी कोणाकडे, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायची ते कळत नाही. म्हणून ओळीने सांगते.

आधी हे डोक्यात पक्कं करा

तुम्ही उपकार मागायला जात नाही. भारताने 1952 साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात सर्वांत आधी. त्याच्याही पुष्कळ आधी, 1921 साली, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. ते मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. म्हणजे हा विषय कोकणाला परका आहे असं कोणी म्हणालं तर खुशाल हसा.

मधला काळ मात्र चांगला नव्हता. आणीबाणीतली नसबंदीची सक्ती जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हाला 'टार्गेट' असायचं, आणि माणसाला 'केस' म्हणायचे. मार्च जवळ आला की वरून एकच प्रश्न यायचा, "किती केस झाल्या?" 1996 साली सरकारने ही टार्गेटं अधिकृतपणे काढून टाकली. 2000 सालच्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने तर स्वच्छ लिहिलं की साधन घ्यायचं की नाही आणि कोणतं, हे ज्याने त्याने माहिती घेऊन आपल्या मर्जीने ठरवायचं. कागद बदलला तरी वरून येणारा प्रश्न बदलायला आणखी काही वर्षं गेली, हे मी तिथेच बसलेली असल्याने सांगू शकते. म्हणूनच आजही कोणी तुम्हाला एकच साधन पुढे करून "हेच घ्या" म्हणालं, तर "बाकीची कोणती आहेत?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पहिलं काम: तुमची आशा शोधा

साधारण हजार वस्तीला एक आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, असते. पण कोकणातलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. तुमची आशा तुमच्याच वाडीतली असेल असं नाही. पऱ्ह्यापलीकडे (ओढ्यापलीकडे), खाली खारवीवाड्यात किंवा वर धनगरवाडीतही असेल. अंगणवाडीत विचारा, लगेच कळेल. तिच्या पिशवीत निरोध, गोळ्या आणि तातडीची गोळी असते. घरपोच देण्याची ही योजना 2011 साली निघाली. तेव्हा ठरलेले दर असे: तीन निरोधचं पाकीट 1 रुपया, महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट 1 रुपया, तातडीची गोळी 2 रुपये. तेच सरकारी केंद्रात जाऊन घेतलं तर फुकट.

काहींना आशाकडे मागायला संकोच वाटतो, कारण ती नात्यातली निघते. कोकणात कोण कोणाच्या नात्यात नाही? मग सरळ उपकेंद्र गाठा. पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं लिहिलेलं दिसेल, गोंधळू नका, ते तेच. तिथे सिस्टर असते आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही असतो. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र. मंडणगड, गुहागर, लांजा अशा तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय, कामथे आणि कळंबणीला उपजिल्हा रुग्णालय, आणि मोठ्या कामाला रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागचं सरकारी रुग्णालय. गोळ्या-निरोधसाठी उपकेंद्र पुरतं. तांबी (कॉपर-टी) आणि इंजेक्शन प्राथमिक केंद्रात मिळतं, काही उपकेंद्रांतही. ऑपरेशन कुठे आणि कोणत्या वारी होतं ते आशाला पाठ असतं.

लसीकरणाच्या दिवशी मात्र हा विषय काढू नका. अंगणवाडीत पन्नास बायका, रडणारी पोरं आणि सगळ्यांचे कान तुमच्याकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी जा आणि दारातच म्हणा, "सिस्टर, आत जरा बोलायचंय." एवढं वाक्य पुरतं. तुम्ही काय घेतलं हे बाहेर सांगायची तिला मुभा नाही. नवऱ्याची किंवा सासूची परवानगीही कोणत्याच साधनाला लागत नाही, ऑपरेशनलाही नाही. सही फक्त तुमची.

दुसरं काम: घरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय काढा

हे कुठल्या पत्रकात छापलेलं नसतं. पण कोकणात साधन निवडताना तब्येतीच्या खालोखाल कॅलेंडर महत्त्वाचं. घो मुंबईला आणि बायको गावी अशी घरं इथे वाडीवाडीला आहेत. तो येतो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. आम्हा सिस्टर लोकांत थट्टा होती की गणपतीतले पाहुणे जूनच्या पहिल्या पावसात भेटायला येतात, आणि नेमकी तेव्हाच गाडी वाडीपर्यंत चढत नाही.

अशा घरात सगळ्यात जास्त होणारी चूक माला-एनची. मुली ती गोळी नवरा घरी असेल तेवढ्याच रात्री घेतात. असं घेऊन तिचा काडीचा उपयोग होत नाही. माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 संप्रेरकांच्या आणि 7 लोहाच्या. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायची आणि नवरा असो नसो, रोज एक. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि पुढची तिच्या वेळेला. दोन किंवा जास्त विसरलात तर निरोध वापरा आणि सिस्टरला विचारा. बाळ अंगावर पीत असेल आणि सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ही गोळी नको. रक्तदाब जास्त असेल, अर्धशिशी असेल, किंवा पस्तिशी ओलांडलेली असून तंबाखू ओढायची सवय असेल, तरीही नको. एकाच पायाला सूज, छातीत दुखणं, अचानक धूसर दिसणं यातलं काही झालं तर गोळी थांबवून थेट डॉक्टर गाठा.

वर्षातून तीनदाच भेट होत असेल तर माझ्या मते निरोध सगळ्यात सुटसुटीत. फक्त एक लक्षात ठेवा: खोबरेल तेल लावायचं नाही. कोकणात प्रत्येक दुखण्यावर खोबरेल, पण तेलाने निरोधचं रबर सैल होतं आणि फाटतं. पाकीट खिशातल्या पाकिटात चेपून महिनोन् महिने ठेवू नका, तारीख बघा. आणि नवऱ्याने आणायचे की बायकोने, हा वाद मुंबईची गाडी सुटायच्या आधीच मिटवा.

गणपतीच्या तोंडावर मेडिकलवर दुसऱ्याच गोळ्यांची रांग लागते, पाळी पुढे ढकलायच्या. घरात गौरी येणार, सोवळं पाळायचं, म्हणून सुना त्या आठ-दहा दिवस घेतात. त्या घ्याव्यात की नाही यावर माझं मत विचारू नका, लेख लांबेल. एवढंच सांगते की त्या गोळ्यांनी पाळी लांबते, गर्भ राहणं थांबत नाही. नवरा घरी आलेला असतो, मुलगी निर्धास्त असते की मी गोळ्या घेतेय, आणि दिवाळीत कळतं की दिवस गेलेत. अशा कितीजणी मी पाहिल्यात.

छाया, अंतरा आणि तांबी

छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली गोळी. तिच्यात संप्रेरकं नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारांना, नंतर आठवड्यातून एकदाच, पहिल्या वारी. वार लक्षात राहायला कोकणी माणसाला अवघड नाही. सोमवार-गुरुवार धरा, नाहीतर तालुक्याच्या आठवडा बाजाराशी जोडा. काहींची पाळी लांबते, त्याने घाबरायचं कारण नाही. गोळी चुकून सात दिवसांच्या वर गेली तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा, असं सुरू करायचं.

अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. सरकारी कार्यक्रमात 2017 पासून आलं आणि मुलींना आवडलं, कारण घरात पाकीट लपवावं लागत नाही. पहिला डोस डॉक्टर तपासून देतात आणि कार्डावर पुढची तारीख लिहितात. ही तारीख जुलैत येत असेल तर वेळीच सावध व्हा. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत पुढचं इंजेक्शन घेता येतं. रेड अलर्ट आला, फेरीबोट बंद पडली, घाटात दरड आली, यांपैकी काहीतरी होणारच असं धरून आधीच घेऊन टाका. धोपाव्याहून दाभोळला बोटीने जाणारी एक मुलगी वाऱ्यामुळे तीन वेळा परत गेली होती. तिच्या हातात चार आठवडे होते म्हणून निभावलं. इंजेक्शन दिलेली जागा चोळायची किंवा शेकायची नाही.

अंतराबद्दल दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात, त्या न सांगितल्याने मुली सोडून देतात. एक म्हणजे पाळीचं वेळापत्रक बिघडतं: कधी थोडं थोडं अंगावर जातं, कधी पाळी येतच नाही. हा आजार नव्हे, पण घरात 'बाजूला बसण्याची' रीत असेल तर रोजचे थेंब म्हणजे रोजचा वाद. हे सगळं आधी बोलून घ्या. दुसरं, इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसपासून साधारण 7 ते 10 महिने लागतात. पुढच्या वर्षी मूल हवंय असं ठरलेलं असेल तर अंतरा नको.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, हिच्याबद्दल इतक्या कंड्या पिकतात की पुस्तक होईल. ती छातीत चढत नाही, नवऱ्याला टोचत नाही, तिने पिशवी सडत नाही. 380-ए प्रकारची दहा वर्षं चालते, 375 ची पाच. मनात येईल तेव्हा काढता येते, आणि काढायला सांगितलं तर केंद्राने नाही म्हणायचं नसतं. पहिल्या काही पाळ्या जास्त जातात, पोटात कळ येते, मग स्थिरावतं. ताप, ओटीपोटात जोराचं दुखणं किंवा घाण वासाचा स्राव झाला तर मात्र थांबू नका.

बाळंतपणानंतर 48 तासांच्या आतही तांबी बसवता येते. इथेच नवीन सुनांची गफलत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, कोल्हापूरला नाहीतर साताऱ्याला. तिथल्या दवाखान्यात तांबी बसवतात, मुलगी तीन महिन्यांनी सासरी कोकणात येते, कार्ड माहेरच्या कपाटात. मग इथल्या सिस्टरला ना प्रकार कळतो ना तारीख. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि संमती बाळंतपणाच्या आधी, तपासण्यांच्या वेळीच विचारायची असते. कळा देणाऱ्या बाईकडून घेतलेली सही ही संमती नव्हे. न विचारता बसवली असेल तर काढून मागा.

ओल्या बाळंतिणीने आणखी एक लक्षात ठेवावं. "अंगावर पाजतेय तोवर काही होत नाही" हे अर्धं खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत न आलेली, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, पाणी नाही, गुटी नाही: या तिन्ही गोष्टी असतील तरच. एक जरी सुटली तरी साधन हवं. बाळाच्या दीड महिन्याच्या लशीला जाल तेव्हाच पुढच्या दिवसासाठी सिस्टरची वेळ मागा. अंतरा तेव्हापासून सुरू करता येते.

चूक झाली असेल तर

निरोध फाटला, गोळी राहिली, किंवा जबरदस्ती झाली, तर 72 तासांच्या आत तातडीची गोळी घ्या. जितकी लवकर तितकी चांगली. आशाकडे असते, मेडिकलमध्येही चिठ्ठीशिवाय मिळते. ही रोजची सोय नव्हे, आणि आधीच दिवस राहिले असतील तर तिने गर्भ पडतही नाही.

दिवस राहिलेच आणि नको असतील तर कायदा तुमच्या बाजूने आहे. 1971 चा गर्भपाताचा कायदा 2021 मध्ये सुधारला. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, काही परिस्थितीत 24 आठवड्यांपर्यंत दोघांचं. साधन फसलं या कारणाखाली आता 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं लिहिलंय, विवाहित असण्याची अट नाही. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अविवाहितांना वेगळं काढता येणार नाही असं सांगितलं. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पहिल्या 9 आठवड्यांत गोळ्यांनी होतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलवाल्याकडून पुडीत बांधून आणलेल्या गोळ्यांनी रक्तस्राव सुरू झालेली बाई मी भर पावसात डोलीतून खाली आणलेली आहे. तो रस्ता नको.

लग्न न झालेल्यांना निरोध, गोळ्या किंवा सल्ला नाकारावा असा कुठलाही नियम नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथे मुलामुलींशी जरा नीट बोलतात. मुलगी 18 च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण ती आणि तिचे पालक म्हणतील तर कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, हेही 2022 च्या त्याच निकालात आहे. या भीतीने उपचार थांबवू नका.

ऑपरेशन करायचं असेल तर

पाळणा कायमचा थांबवायचा, तर सरकारी नियम असे: लग्न झालेलं असावं, बाईचं वय 22 ते 49, पुरुषाचं 60 च्या आत, आणि किमान एक मूल एक वर्षाच्या वरचं. बाईचं ऑपरेशन पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत किंवा बाळंतपणानंतर सात दिवसांत होतं, टाक्याचं किंवा दुर्बिणीचं.

देशभरात 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. मला यात काही नवल नाही. "त्यांना ओझी उचलावी लागतात" हे वाक्य मी ज्या घरांत ऐकलं, त्या घरांत विहिरीवरून पाणी बायकोच आणत होती. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांत, जागा बधिर करून होते. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम नाही. ताकद जात नाही. सरकार त्यासाठी बाईपेक्षा जास्त मोबदलाही देतं.

खलाशांना मी नेहमी एक सुचवायची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या. तेव्हाच करून घ्या, मजुरी बुडत नाही. एक अट मात्र आहे: नसबंदी लगेच लागू होत नाही, तीन महिने थांबून वीर्य तपासून घ्यावं लागतं. जूनमध्ये केली तर गणपती या तीन महिन्यांच्या आत किंवा अगदी काठावर येतात. तेवढे दिवस निरोध वापरायचा, नाहीतर नवऱ्याची नसबंदी झालेली असताना बायकोला दिवस गेले म्हणून गावात जे बोललं जातं ते सोसायची पाळी त्या बिचारीवर येते. मी हे एकदा पाहिलं आणि मग प्रत्येक माणसाला घरी जाऊन सांगत राहिले.

सरकारी नोकरी किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक डोक्यात असेल तर दोन अपत्यांचा नियमही माहीत असू द्या. 2005 सालच्या नियमांनुसार तिसरं मूल झालं तर राज्य सरकारच्या नोकरीला अडचण येते, आणि पंचायतीसाठी 12 सप्टेंबर 2001 ही तारीख धरतात. एकीकडे निवड तुमची म्हणायचं आणि दुसरीकडे हे, ही विसंगती मला कधी पटली नाही. पण नियम आहे.

ऑपरेशनच्या आधी फॉर्म मराठीत वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आणि नंतरचं प्रमाणपत्र मागून घ्या; बाईला ते पुढची पाळी येऊन गेल्यावर, पुरुषाला तीन महिन्यांनंतरच्या तपासणीनंतर मिळतं. क्वचित ऑपरेशन फसतं. तसं झालं तर सरकारी भरपाई योजनेत पैसे मिळतात, पण दिवस राहिल्याचं कळल्यापासून 90 दिवसांत अर्ज करावा लागतो आणि तिथे हेच दोन कागद मागतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्ड ठेवता तिथेच ठेवा.